अडतीस टक्के जिवंत

अस्मिता मोंडकर काय काम करते हे तिच्या नऊ वर्षांच्या लेकीने, रेवाने, शाळेत एका वाक्यात सांगून टाकलं होतं. "माय मॅम लुक्स ॲट रॉक्स ऑल डे." डब्लिनची मुलं आईला मॅम म्हणतात. शाळेतल्या बाईंनी हे कौतुकाने सांगितलं तेव्हा अस्मिताला हसू आलं, पण खोडून काढावं असं त्यात काही नव्हतं. ती दिवसभर दगडच बघायची. ते जिवंत आहेत की मेलेले, एवढंच तिला सांगायचं असायचं.

डब्लिनला येऊन तिला बारा वर्षं झाली होती. नवरा राजस लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. ती स्वतः नऊ वर्षं एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होती. एका मंगळवारी सकाळी अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर तिची सगळी टीम बंद झाली. पुढचे आठ महिने घरी. मग कॅनॉलजवळच्या एका सायकलच्या दुकानावर तीन खोल्यांत चालणाऱ्या छोट्याशा संस्थेची जाहिरात दिसली. पॅसिफिकमधल्या बेटांवरची माणसं आपापल्या गावासमोरच्या प्रवाळाचे फोटो काढून पाठवत, आणि ही संस्था सॉफ्टवेअर लावून ते फोटो वाचून देई. मुलाखतीत संस्थेच्या प्रमुख नीव्ह हिने विचारलं, "तू कधी प्रवाळ पाहिलंयस का?"

"मी मालवणची आहे," अस्मिता म्हणाली. "माझ्या वडिलांच्या जाळ्यात अडकून यायचं. आम्ही ते अंगणात टाकून द्यायचो."

नीव्ह हसली आणि म्हणाली, "ग्रँड. सोमवारपासून ये."

काम असं होतं. बेटावरचं माणूस पाण्यात उतरून टेप अंथरायचं, दर मीटरला पाइपची एक चौकट ठेवायचं आणि वरून फोटो काढायचं. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोवर शंभर ठिपके टाकून कुठल्या ठिपक्याखाली जिवंत प्रवाळ, कुठे मेलेलं, कुठे शेवाळ, कुठे वाळू, ते ओळखायचं. शेवटी एक आकडा यायचा: जिवंत प्रवाळ इतके टक्के. अस्मिताने विसांतला एखादा फोटो स्वतः तपासायचा आणि आकडा पुढे पाठवायचा.

तिच्याकडे जी गावं होती त्यांत फिजीच्या एका लहानशा बेटावरचं नाकोरोवाई होतं. तिथले फोटो लितिया नावाची बाई काढायची. चाळिशीतली, प्राथमिक शाळेत शिकवणारी, गावातल्या चर्चच्या गायकवृंदात गाणारी. लहानपणी शाळेत तिच्या बरोबरीला भारतीय वंशाची मुलं होती, त्यामुळे तिला तिकडची हिंदी येत होती. पहिल्याच कॉलवर ती म्हणाली, "कइसे है, बहिनी?" अस्मिताला इतकं घरचं वाटलं की तीही हिंदीतच सुरू झाली. डब्लिनची सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ. महिन्यातून एकदा, सकाळी आठला, दोघी बोलायच्या. आधी काम, मग मुलं, मग मासे कसे करतात ते.

सहा वर्षांपूर्वी नाकोरोवाईने आपल्या समोरच्या खडकाचा मोठा पट्टा मासेमारीला बंद केला होता. तिकडे त्याला ताम्बू म्हणतात. गावच्या प्रमुखाने शब्द टाकायचा, किनाऱ्यावर काठी रोवायची आणि ती काठी उपटेपर्यंत तिथे कुणी गळसुद्धा टाकायचा नाही. आपल्याकडे देवराईतली काटकी कुणी तोडत नाही, तसंच. गावाने शब्द पाळला. म्हातारी माणसं माशाला लांब, खवळलेल्या पाण्यात जाऊ लागली. एकाची होडी गेली, पण काठी हलली नाही. प्रवाळ वाढत चव्वेचाळीस टक्क्यांपर्यंत गेलं.

आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत पाणी तापलं.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाचा रंग त्याचा, आणि बरंचसं अन्नही तेच पुरवतं. पाणी फार तापलं की प्रवाळ त्याला बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. त्या क्षणी ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर जगतं. नाकोरोवाईचं पाणी नऊ आठवडे निवलं नाही. त्या महिन्यातले फोटो अस्मिताने उघडले तेव्हा तिला वाटलं, कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलंय. टेपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं चुन्यासारखं पांढरं. त्या वर्षअखेरच्या मोजणीत आकडा आला सतरा.

त्यानंतर मात्र आकडे चढू लागले. सहा महिन्यांनी सव्वीस. आणि या वर्षीच्या मे महिन्यात अडतीस.

अडतीस आला त्या दिवशी ऑफिसात नीव्हने कॅरट केक आणला. कधी नव्हे ती चांगली बातमी होती. एका मोठ्या देणगीदार संस्थेला बारा खडकांची यादी द्यायची होती, ज्यांच्यात सावरायची ताकद आहे अशा खडकांची. पुढची दहा वर्षं त्यांची निगा राखली जाणार होती: पहारा, बोटी, प्रशिक्षण, सगळं. नाकोरोवाई यादीत चौथं बसलं. अस्मितानेही केक खाल्ला. पण बसमध्ये बसल्यावर तिच्या मनात एक साधा हिशेब सुरू झाला. फांद्यांचं प्रवाळ फार तर वर्षाला वीतभर वाढतं. निम्मंअधिक मेलेला खडक दोन वर्षांत असा भरून येतो कुठे?

त्या वेळी तिचे वडील पुरुषोत्तम तीन महिन्यांसाठी आले होते. आयुष्य होडीवर काढलेला माणूस. ब्लँचर्डस्टाउनच्या मोठ्या दुकानात जाऊन बर्फावरच्या बांगड्यांचे डोळे बघायचे आणि मान हलवून परत यायचे, एवढाच त्यांचा उद्योग. शनिवारी दुपारी अस्मिता जेवणाच्या टेबलावर नाकोरोवाईचे फोटो उघडून बसली होती. ते चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. वाकून एकेक फोटो बघू लागले.

"ह्यां मेलां गो बाय," मग म्हणाले. "जितां नाय ह्यां."

"कशावरून म्हणतंस, बाबा?"

"शेंड्यांका बघ. जित्या पवळ्याचो शेंडो फिको असता, थंयच तां वाढता. ह्येंचे शेंडे बघ, लव धरली हा." त्यांनी स्क्रीनला बोट टेकवलं. "शेवाळ धरलां काय लांबसून सगळां रान वाढल्यासारखां दिसतां."

अस्मिताने फोटो मोठा केला. फांद्यांचा आकार तसाच होता, रंगही तपकिरी, जिवंत प्रवाळासारखा. पण टोकापर्यंत मखमलीसारखी बारीक लव. सॉफ्टवेअरने त्या फांदीवरच्या सातही ठिपक्यांना जिवंत म्हटलं होतं.

वडील खुर्ची ओढून बसले. "आमी थंयच नांगर टाकू. धरता बरो म्हणान. मोडला तर मोडला, दगडच तो, अशी समजूत. तां जितां असता ह्यां माका साठ वर्सां होईपर्यंत कोणी सांगूक नाय." थोडं थांबून म्हणाले, "किती मोडलां आसतलां, कोणाक ठावक."

 तिने त्यांचा गार झालेला चहा गरम करून आणला.

शनिवार-रविवार आणि पुढचे तीन दिवस तिने नाकोरोवाईचे तीनशे वीस फोटो एकेक करून हाताने वाचले. राजसने स्वयंपाक केला, रेवाला पोहायला नेलं. बुधवारी संध्याकाळी बेरीज झाली. तेरा टक्के. तिने परत केली. तेराच. सॉफ्टवेअर ज्या फोटोंवर शिकलं होतं ते वेगळ्याच समुद्रातले होते, अशी शेवाळ चढलेली फांदी त्याने कधी पाहिलीच नव्हती. वाढत होतं ते शेवाळ, आणि आकडा वाढत होता तो त्याचा. प्रवाळ सतरावरून तेरावर आलं होतं.

सव्वीसच्या वेळी आपण काय तपासलं होतं, म्हणून तिने जुने मेल काढले. आणि तिथे तिला लितियाचं पत्र सापडलं. गेल्या वर्षीचं. "अस्मिता, सव्वीस म्हणजे बरं झालं. पण मला हात लावल्यावर ते बुळबुळीत लागतं. रंगही मळका वाटतो. तू एकदा बघशील का?" खाली स्वतः अस्मिताचं उत्तर होतं. ऑफिसातलं तयार वाक्य, तिने नुसतं चिकटवलेलं: "पाण्याखाली माणसाच्या डोळ्यांना रंगाचा भास होऊ शकतो. यंत्राचं वाचन अधिक सातत्यपूर्ण असतं. काळजी नसावी."

तिने लॅपटॉप मिटला. राजसने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "तिने मला सांगितलं होतं रे. वर्षापूर्वी सांगितलं होतं."

गुरुवारी सकाळी तिने सगळं नीव्हसमोर ठेवलं. नीव्ह वाईट बाई नव्हती. तिने पंचवीस-तीस फोटो स्वतः पाहिले, आणि पाहता पाहता तिचा चेहरा उतरला.

"उद्या यादी जायची आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तेरा लिहिलं तर नाकोरोवाई यादीतून जाईल. सावरणारे खडकच घेणार आहेत ते. आणि ज्यांना मदत लागते त्यांनाच मिळणार नाही." नीव्हने डोळे चोळले. "अस्मिता, समज, आपण नाकोरोवाईपुरतं गप्प बसलो. पुढच्या वेळी दुरुस्त करू. त्यांना बोटी मिळतील, पहारा मिळेल. कुणाचं नुकसान होतं यात?"

या प्रश्नावर अस्मिताही रात्री अडली होती. गप्प बसणं सोपं होतं, आणि दिसायला दयाळूही. पण अडतीस कळल्यावर लितियाचा आलेला निरोप तिला आठवत होता.

"नीव्ह, ते जुलैत काठी उपटणार आहेत," ती म्हणाली. "अडतीस ऐकून गावाने ठरवलंय. प्रवाळ सावरलं, आता ताम्बू उघडायचा, मोठं जेवण घालायचं. सहा वर्षांत माजलेले पोपटमासे आधी जाळ्यात जातील. ते शेवाळ खरवडून खातात. तेच संपले तर तेराही राहणार नाही."

नीव्ह खिडकीबाहेर बघत राहिली. खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवून बघत होतं.

"तेरा लिही," शेवटी ती म्हणाली. "बाकीची गावंही परत वाचावी लागतील. मी मुदत मागते. पण लितियाला तू सांग. मला नाही जमणार."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता लितिया पडद्यावर आली ती हसतच. केस ओले होते, मागे कुणी तरी भांडी घासत होतं. अस्मिताने शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे फिसकटले. तिने सरळ सांगितलं. आकडा चुकला. अडतीस नाही, तेरा. यादीत तुमचं नाव राहणार नाही. आणि तू मला आधीच विचारलं होतंस, मी तुला खोटं पाडलं.

 मागचा भांड्यांचा आवाज थांबला.

"छे बरस," मग ती म्हणाली. "छे बरस हम लोग उधर मच्छी नहीं मारा. माझा मामा लांबच्या पाण्यात गेला, होडी घालवून बसला. पोरं विचारायची, आपल्याच दारातला मासा का नाही धरायचा? मी त्यांना तुमचा कागद दाखवायची."

"हो."

"मी त्या पाण्यात उतरते, अस्मिता. माझा हात लागतो त्याला. आणि तू तिथून मला सांगितलंस की माझे डोळे फसतात."

"हो. माझी चूक आहे."

"आणि पाणी तर आम्ही तापवलंही नाही." लितियाचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर अस्मिताला बरं वाटलं असतं. "आमच्याकडे चार मोटारी आहेत गावात. चार. आम्ही काठी रोवली, आमचं काम केलं. मग आता मी सभेत काय सांगू? की सगळं नीट करूनही मेलं?"

 अस्मिताने पोपटमाशांचं सांगितलं. काठी उपटू नका, निदान ते मासे मारू नका, ते आहेत म्हणून तेरा आहे, नाही तर तेही गेलं असतं. तुम्ही केलं ते वाया गेलं नाही, असं ती म्हणायला गेली, तेवढ्यात पडदा काळा झाला. लाइन गेली की लितियाने ठेवला, ते कळलं नाही. तिने तीनदा लावून पाहिला.

त्या दिवशी ती ऑफिसला उशिरा पोचली. सकाळभर गाडीत, पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून बसली होती, पाय गारठले म्हणून. मग लितियाची चार मोटारींची गोष्ट आठवली आणि तिने इंजिन बंद केलं.

यादीतून नाकोरोवाई गेलं. दुसऱ्या दोन खडकांचे आकडेही हाताने वाचल्यावर खाली आले, तेही गेले. देणगीदार संस्थेने नीव्हला एक थंड पत्र लिहिलं. ऑफिसातला एक सहकारी अस्मिताशी आठवडाभर नीट बोलला नाही, कारण ते सॉफ्टवेअर त्याने बांधलं होतं. तिने मात्र एक गोष्ट मागून घेतली आणि मिळवली: यापुढे फोटो काढणाऱ्याने शंका घेतली तर सगळे फोटो माणसाने वाचायचे, आणि तयार वाक्य कुणी चिकटवायचं नाही.

जुलैच्या शेवटी नाकोरोवाईच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं छोटंसं औपचारिक पत्र नीव्हला आलं. गावात दोन दिवस सभा चालली. अर्ध्या लोकांचं म्हणणं, मेलेल्याची राखण कशाला. शेवटी बाहेरचा पट्टा उघडला, जेवण झालं. खाडीच्या तोंडाजवळचा भाग बंदच ठेवला. पोपटमासा कुणी मारायचा नाही असं ठरलं, पण बाहेरच्या पट्ट्यात ते पाळलं जातंय की नाही, हे पत्रात नव्हतं. लितियाचं नाव कुठेच नव्हतं.

अस्मिताने तिला चार निरोप पाठवले. आधी कामाचे, मग नुसतीच चौकशी. उत्तर आलं नाही. वडील ऑगस्टमध्ये परत गेले. विमानतळावर त्यांनी विचारलं, "त्या बायचो फोन इलो?" तिने नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, "येतलो नाय तर तूच करीत रव." पण तिने पाचवा निरोप पाठवला नाही. आपल्याला माफी हवी आहे म्हणून आपण तिला छळतोय, असं तिला वाटू लागलं होतं. ती किरिबातीचे, सामोआचे फोटो वाचत राहिली. कुठे बरं होतं, पुष्कळ ठिकाणी नव्हतं. घरी ती कमी बोलू लागली. रेवाने एकदा विचारलं, "मॅम, आर द रॉक्स ओके?" अस्मिता म्हणाली, "काही काही." रेवाला तेवढं पुरलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी फोनवर एकामागून एक फोटो येऊ लागले. चाळीस. साध्या मोबाइलने काढलेले, पाणी न शिरणाऱ्या पिशवीतून, काही धूसर. चौकट पाइपची नव्हती, बांबूची होती. सोबत एकच ओळ: "खाडीच्या तोंडाजवळचे. यंत्र नको. तू बघ."

अस्मिताने टेबल रिकामं केलं. पोह्यांची बशी तशीच बाजूला राहिली. तिने कागदावर रेघा मारल्या आणि प्रत्येक फोटोवर स्वतः ठिपके धरून वाचायला बसली. दुपार झाली. राजस रेवाला घेऊन बाहेर पडला. सगळ्या फोटोंची बेरीज आली अकरा.

तिने सगळे परत वाचले. मनापासून वाटत होतं की कुठे तरी आपण एखादी जिवंत फांदी मेली म्हणून सोडली असेल. नव्हती सोडली. सत्ताविसाव्या फोटोत, मेलेल्या फांद्यांच्या बुडाशी, नाण्याएवढी चार गोल प्रवाळं होती. फिकट कडांची, नवी. भोवतालचा दगड स्वच्छ होता, माशांनी खरवडलेला, त्यावर दातांच्या खुणा दिसत होत्या. चारांनी आकड्यात काही फरक पडत नव्हता. आणि दोन-तीन महिन्यांत तिकडचा उन्हाळा सुरू होणार होता.

तिने लिहिलं: "अकरा. आधीपेक्षा कमी. सत्ताविसाव्या फोटोत चार नवी पिल्लं आहेत, नाण्याएवढी. जगतील की नाही ते मला सांगता येत नाही. तिथे पोपटमासा चरलेला दिसतो."

पाठवण्याआधी तिने चार पिल्लांचं वाक्य सगळ्यात वर नेऊन पाहिलं. मग परत होतं तिथे आणलं.

उत्तर यायला तास गेला. तिकडे तोवर मध्यरात्र उलटून गेली असणार. लितियाने विचारलं होतं, "पक्का? अकरा?"

"पक्का. दोनदा बघितलं."

"बुधवारी सभा आहे. काठी फेब्रुवारीपर्यंत ठेवायची की नाही, त्यावर. मी अकराच सांगीन."

अस्मिताने लिहिलं, "हो."  बाकी काही विचारावं, तुझी मुलं कशी आहेत, मामा कसा आहे, असं दोनदा टाइप केलं आणि पुसलं. लितियाच्या नावापुढे ती लिहितेय अशी खूण उमटली, गेली, परत उमटली.

"मामा विचारतो," लितियाने लिहिलं, "नाणं म्हणजे कुठलं नाणं? केवढं?"

अस्मिता उठली. घरात फिजीचं नाणं असणं शक्य नव्हतं. तिने रेवाची मोजपट्टी आणली, बांबूच्या चौकटीच्या मापावरून हिशेब केला, आणि चारही प्रवाळांची रुंदी मिलिमीटरमध्ये, एकेक करून, लिहून पाठवली.